तारेचं वेटोळं

दोर मोकळा पडलेला दिसला की मुंजाजीच्या हातांना चैन पडत नसे. बैलाचं दावं असो, मेंढरं कोंडायच्या वाघरीचा दोर असो, नाहीतर कुण्या परक्याच्या विहिरीवरचा नाडा असो, हा वाकणार, अंगठा आणि कोपर यांच्यात घालून त्याचं गोल वेटोळं करणार आणि खुंटीला अडकवून मगच पुढं जाणार. बापाची शिकवण होती ती. बाप म्हणायचा, "दोर पसरून ठिवणाराच्या घरी ढोर लंगडं होतंय." धनगराच्या घरात असल्या शिकवणीला कुणी कारण विचारत नाही.

मेंढरं आता धाकट्या भावाकडं, उमाजीकडं होती. मुंजाजी सहा वर्षांपासून मानवतच्या वाटेवरल्या दिनकररावांच्या जिनात इंजिनाला तेल घालायचं काम करत होता. कापसाचा हंगाम संपला की जिन मुकं व्हायचं. पण त्या फाल्गुनात ते मुकं झालं नाही. हैदराबादहून डोळ्यांचा डॉक्टर तीन दिवसांसाठी येणार होता. गावात शाळा होती ती पत्र्याची आणि मोडकी, म्हणून कापसाच्या गुदामात डोळे कापायचं ठरलं. गुदामाला खिडक्या नव्हत्या, वर दोन झरोके तेवढे. भरदिवसा आत मांजर दिसायचं नाही. पण जिनाच्या इंजिनावर बिजली होती, आणि एवढ्या मुलखात ती दुसऱ्या कुणाकडं नव्हती. दिनकररावांनी छाती फुगवून सांगितलं, "डॉक्टरसाहेब, दिवा आमचा."

मुंजाजीला त्या दिव्याशी देणंघेणं होतं ते आईपायी. अंबाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोती पिकून चार वर्षं झाली होती. चातीवर लोकर कातायचं तिचं काम सुटलं नव्हतं. बोटांना डोळे लागत नाहीत म्हणायची. पण काळी लोकर कोणती आणि पांढरी कोणती हे बोटांना कळत नव्हतं. मागल्या दिवाळीत तिच्या सुताची घोंगडी मानवतच्या बाजारात नेली तर गिऱ्हाईक हसलं, "धनगरा, ह्ये घोंगडं हाय का चितळाचं कातडं?" मुंजाजीनं घोंगडी तशीच परत आणली आणि सगळी खपली म्हणून आईला खोटं सांगितलं. ती घोंगडी माळ्यावर पडून होती. त्याच्या बायकोनं, कासाबाईनं, एकदा अंधारात त्यातलं एक काढून सासूला पांघरायला दिलं. म्हातारीनं कड चाचपली आणि आपलंच सूत ओळखलं. त्या दिवसापासून तिनं कातणं निम्म्यावर आणलं.

तारेचं काम करायला जालन्याहून दस्तगीर मिस्त्री आला. इंजिनखोलीपासून गुदामापर्यंत त्यानं रबरी तार ओढली आणि तिच्या टोकाला एक लाकडी फळी लावली. फळीवर चार प्लग. एकात डॉक्टरच्या टेबलावरचा दिवा, एकात हत्यारं उकळायचा पाण्याचा डबा, एकात दिनकररावांचा पंखा. चौथा रिकामा. तार दोनशे हात होती आणि लागली सव्वाशे. उरलेली पाऊणशे हात तार मिस्त्रीनं गुदामाच्या भिंतीकडंनं सापासारखी वळणं देत मोकळी सोडली.

"देख मुंजा," मिस्त्री विडी पेटवत म्हणाला, "डब्बा चालू है तो पंखा नक्को. पंखा चालू है तो डब्बा नक्को. और ये तार को लपेटको नक्को रख. खुली पडी तो थंडी रहती. जमा होको बैठी तो गरम होती."

"कापून का न्हाई टाकत उरल्याली?"

"सेठ की तार है. सेठ बोले काटना नक्को."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुठल्या जिनाच्या कामाला सेलूकडं निघून गेला. पहिली गोष्ट मुंजाजीला पक्की समजली, कारण ती पाण्यासारखी होती. पाट एक आणि वाफे चार; सगळ्यांचे दंड एकदम फोडले तर शेवटच्या वाफ्याचं तोंड कोरडं राहणार. म्हणून पाळी लावायची. दुसरी गोष्ट मात्र त्याच्या एका कानातून आत शिरली आणि दुसऱ्यातून निघून गेली. मोकळं पडलेलं पाणी निवतं हे ठाऊक होतं, पण तार निवते म्हणजे काय?

पहिल्याच सकाळी आंधळ्या माणसांची रांग लागली. काठ्या टेकत, लेकीसुनांच्या खांद्यावर हात ठेवून माणसं यायली. एकजण तारेत पाय अडकून पडला. दिनकरराव ओरडले, "अरे, ती तार तुडवायलेत बघ सगळे! हैदराबादहून मागवली आहे मी." एवढं सांगायची गरजसुद्धा नव्हती. मुंजाजी वाकला, अंगठा आणि कोपर यांच्यात घालून पाऊणशे हात तारेचं सुरेख वेटोळं केलं, मध्ये एक आडवा फेर देऊन आवळलं आणि गुदामाच्या दाराआड ठेवलं. वरून कापसाची रिकामी पोती टाकली. कुणाचा पाय पडू नये, कुणाला दिसू नये. काम बघून त्याचं त्यालाच बरं वाटलं.

दोन दिवस त्यानं फळी अशी राखली की दृष्ट लागावी. डबा उकळला की काढायचा, मग पंखा. पंखा बंद, मग डबा. लोक त्याला पाटकरी म्हणायला लागले. पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी जसा कुणाच्या बापाला भीत नाही, तसा मुंजाजी त्या दोन दिवसांत कुणाला भ्याला नाही. दुसऱ्या दिवशी तहसीलदारसाहेब बघायला आले तेव्हा दिनकररावांनी घरून रेडिओ आणवला आणि चौथ्या प्लगात घालायला निघाले. मुंजाजीनं हात आडवा धरला. "मालक, डबा उकळू द्या. मग गाणं."

तहसीलदार हसले. दिनकररावही हसले, जरा उशिरानं. म्हणाले, "बघितलंत साहेब? आमच्या जिनात नोकर मालकाला पाळी लावतो." आणि मालक डबा उकळेपर्यंत उभे राहिले. त्या रात्री मुंजाजी घरी दोन भाकरी जास्त जेवला.

आईचं मात्र अडलं होतं. पहिल्या दिवशी ती आलीच नाही. "आदी दुसरं कुनी मरतंय का बगू," म्हणाली. कुणी मेलं नाही. उलट बारापैकी बारा जण पट्ट्या बांधून भाकरी मागायले, तेव्हा दुसऱ्या दिवशी ती उठली. तोवर तिच्या वाट्याला एकोणचाळीसची चिठ्ठी आली होती. आणि डॉक्टर तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं जाणार होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडर म्हणाला, "चौतीसपर्यंत होतील. बाकीचे पुढच्या साली."

"साहेब, माझी माय हाय. मी हितं तीन दिवस..."

"सगळ्यांच्याच माया आहेत," कंपाउंडर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. तीन दिवस त्याची पाठ टेकली नव्हती.

अंबाबाई दाराजवळ बसली होती. कासाबाईनं तिला धुतलेलं लुगडं नेसवलं होतं, केसांना तेल लावलं होतं. म्हातारी दर थोड्या वेळानं विचारायची, "कितवा चालूय?" कासाबाई सांगायची. म्हातारी बोटांवर मोजायची. तिनं सोबत लोकरीचे दोन गोळे आणले होते, एक काळा आणि एक पांढरा. पट्टी सुटली की आधी तेच बघायचे, असं तिनं कुणालाही न सांगता ठरवलं होतं. कासाबाईनं ते कनवटीला बघितले होते.

ऊन चढलं तसं गुदाम तापलं. पलीकडच्या निम्म्या भागात गवतावर पोती टाकून डोळे कापलेली माणसं उताणी झोपवली होती. त्यांत पाटलाची आई धुरपताबाई होती. चंद्रभान पाटील धोतराचा सोगा हलवत तिला वारा घालत होते. ते फळीपाशी आले.

"मुंजाजी, पंखा लाव. माय घामाघूम झालीय. पट्टी भिजायलीय तिची."

"पाटील, डबा चालू हाय. उकळला की लावतो."

"डबा तर सकाळपासनं चालूच हाय की रं. उरकायचंय म्हणून डॉक्टर काढंना झालाय. मग पंख्याची पाळी यायची कवा?"

हे खरं होतं. पाटलांनी दाराकडं बघितलं, धुतल्या लुगड्यातली म्हातारी बघितली आणि आवाज खाली आणला.

"तुझ्या मायचा कितवा हाय?"

"एकुनचाळीस."

"माझ्या भावकीतला भुजंग अठ्ठाविसावा हाय. त्यो पुढल्या साली करील. त्याची चिठ्ठी तुझ्या मायला देतो. पंखा लाव."

माणूस मोठ्या मोहाला नाही म्हणू शकतो, कारण तो येताना दिसतो. हा मोह हातपंख्याएवढा होता. मुंजाजीनं मनाशी म्हटलं, फार तर काय होईल? दिवा जरा मंद होईल. शेवटच्या वाफ्याला पाणी जरा कमी. आणि त्यानं पंख्याचा प्लग बसवला. दिवा किंचित पिवळा पडला आणि पुन्हा सावरला. काही झालं नाही. भुजंगची चिठ्ठी अंबाबाईच्या मुठीत आली.

दिनकररावांनी हे लांबून बघितलं होतं. ते रेडिओ घेऊनच आले. "काय रे पाटकरी, पाटलाला पाळी नाही वाटतं? मग आम्हीच तुझं काय घोडं मारलंय?"

मुंजाजीच्या तोंडात शब्द होता, पण आता तो कोणत्या तोंडानं बोलणार? काल ज्या हातानं मालकाला अडवलं तो हात त्याला उचलवेना. मालकांनी चौथा प्लग स्वतः बसवला. रेडिओ आधी खरखरला, मग एक बाई गायला लागली. पट्ट्या बांधलेली माणसं त्या आवाजाकडं तोंडं वळवून पडून राहिली.

सव्वीस झाला. सत्तावीस आत गेला. कासाबाई उठून नवऱ्याजवळ आली.

"अवं, ती दाराआडची पोती गरम लागायलीत."

"ऊन आलंय दारातनं."

"ऊन न्हाई तितं. सकाळपासनं मांजर त्याच्यावर निजलं होतं, आता त्येबी उठून गेलं. हात लावून तर बगा."

"कासे, मायचा नंबर आलाय. आता पोती बगत बसू का?"

हे वाक्य पुढं आयुष्यभर त्याला पाठ राहिलं. देवाचं नाव विसरला असता, हे विसरला नाही. चार पावलांवर दार होतं. चार पावलं गेला असता आणि एक हात लावला असता तर मिस्त्रीचं दुसऱ्या कानातून गेलेलं बोलणं परत आलं असतं.

कंपाउंडरनं हाक मारली, "अठ्ठावीस."

अंबाबाईला टेबलावर झोपवलं. डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. डॉक्टर शांत आवाजाचा माणूस होता. म्हणाला, "आजीबाई, दुखणार नाही. पण हलायचं नाही. काहीही झालं तरी मान हलवायची नाही. कळलं?"

"न्हाई हालत," म्हातारी म्हणाली. "दगडावानी पडते."

आणि ती पडली तशी. कंपाउंडरनं डोकं धरलं होतं. मुंजाजी फळीपाशी उभा होता, डॉक्टरच्या पाठीआडून त्याला आईचे टाचा चिरलेले पाय तेवढे दिसत होते. ते खरंच दगडासारखे होते. डॉक्टरनं हत्यार घेतलं. रेडिओतली बाई गात होती.

तेवढ्यात वास आला. रबर जळल्याचा. इंजिनावर सहा वर्षं काढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. मुंजाजीनं वळून बघितलं तर दाराआडच्या पोत्यांमधून निळा धूर उठत होता. आजूबाजूला कापसाचे तंतू पडलेले, भिंतींना चिकटलेले. गवतावर पंचवीसएक माणसं डोळे बांधून उताणी.

फळी त्याच्या हाताशी होती. सगळे प्लग उपटायला श्वासाचाही वेळ लागला नसता. पण त्यातला एक दिवा होता, आणि त्या दिव्याखाली त्याच्या आईचा डोळा उघडा होता. पंखा, रेडिओ, डबा हे तिन्ही काढून दिवा तेवढा ठेवावा हे त्याला सुचलं, पण कधी, तर सगळं झाल्यावर. त्या वेळी त्याला एकच सुचलं, वेटोळं सोडवायचं. मोकळं करायचं. तो धावला, पोती फेकली. तार तव्यासारखी तापली होती, फेर एकमेकांना चिकटले होते, आणि मधला आडवा फेर त्यानंच आवळून बांधलेला. त्यानं उजव्या हातानं तो पकडला आणि ओढला.

रबर वितळून तळहाताला चिकटलं. आत नागडी तार होती. मुंजाजीच्या घशातून जो आवाज निघाला तो त्यानं स्वतः ओळखला नाही. माणसाचा नव्हता तो. त्याच वेळी तार तुटली, दिवा गेला, गाणं गेलं, पंखा फिरत फिरत थांबला. कासाबाईनं पोतं ओलं करून धुमसणाऱ्या तंतूंवर टाकलं. लोक ओरडायच्या आत आग विझलीसुद्धा. एवढंच काय ते झालं.

आणि अंधारात टेबलावरून आवाज आला, "मुंजा? मुंजा रं?"

झरोक्याच्या उजेडात सगळ्यांना दिसलं. म्हातारी टेबलावर उठून बसली होती. कंपाउंडरच्या हातातून डोकं कसं सुटलं ते त्यालाही कळलं नव्हतं. गालावरून काहीतरी ओघळत होतं आणि ती दोन्ही हात पुढं करून हवेत लेकाला चाचपत होती.

डॉक्टरनं कंदील मागवला, होतं तेवढं सावरलं, पट्टी बांधली. मुंजाजीच्या हाताला मलम लावताना त्यानं तुटलेल्या तारेकडं बघितलं आणि विचारलं, "ही गुंडाळून कुणी ठेवली होती?"

"म्या," मुंजाजी म्हणाला.

डॉक्टरनं मान हलवली आणि तो दुपारच्या गाडीला गेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दिनकररावांनी तारेचे पैसे मागितले नाहीत, नोकरी काढली नाही. पाटलांनी दूध पाठवलं. सगळे जण इतके चांगले वागले की मुंजाजीला तोंड लपवायला जागा उरली नाही.

आठव्या दिवशी मागं राहिलेल्या कंपाउंडरनं पट्टी सोडली. अंबाबाईनं कनवटीचे दोन गोळे काढून मांडीवर ठेवले होते. तिनं एक गोळा डोळ्यापुढं धरला, मग दुसरा धरला. मग तिनं ते दोन्ही गोळे कासाबाईच्या हातात दिले.

"ठिवून दे," ती म्हणाली. "दुसऱ्या डोळ्याला लागतील."

दुसरा डोळा पुढच्या साली करू, असं डॉक्टर सांगून गेला होता. पुढचं साल आलं ते नुसत्या भीतीचं. रझाकारांच्या धाकानं माणसं संध्याकाळ व्हायच्या आत दारं लावायला लागली, कित्येक घरं निजामाच्या सरहद्दीपलीकडं निघून गेली. डोळ्यांचा डॉक्टर कुठून येणार? मुंजाजीचा हात भरून आला, पण मूठ अर्धीच मिटायची. इंजिनावरचं काम त्याला जमेना. तो पुन्हा उमाजीसोबत मेंढरांमागं जायला लागला. संध्याकाळी आला की आईपुढं बसायचा आणि त्या अर्ध्या मिटणाऱ्या हातानं काळी लोकर एकीकडं, पांढरी एकीकडं निवडून द्यायचा. घोंगडी पुन्हा एकरंगी व्हायला लागली. बाजारात कुणी हसलं नाही. म्हातारी कधीमधी त्याचा तळहात ओढून घ्यायची, तिथल्या गुळगुळीत चट्ट्यावरून बोट फिरवायची आणि विचारायची, "दुखतं का रं आजून?"

तो म्हणायचा, न्हाई. तिनं एकदाही विचारलं नाही की तार का गुंडाळली. त्यानं एकदाही विचारलं नाही की डॉक्टरनं बजावलं असताना ती का उठली. दोन्ही प्रश्न घरात एका खुंटीला अडकवलेले राहिले.

भादव्यात निजामाचं राज्य गेलं. थंडी पडली तशी दवंडी आली की परभणीच्या दवाखान्यात डोळे कापणार. उमाजीनं गाडी जुंपायची ठरवली. कासाबाईनं ते दोन गोळे शोधून काढले. निघायच्या आदल्या दिवशी मुंजाजी घोंगडी घडी करत होता तेव्हा आई म्हणाली, "तू येऊ नगंस."

"कामून?"

"कासाला घिऊन जाते. उमाजी हायच."

मुंजाजी खाली बसला. पावणेदोन वर्षं दाबून धरलेलं एकदम वर आलं. "माय, तुजा डोळा म्या घालवला. तुला माज्यावर भरवसा न्हाई, मला ठावं हाय. पर तितं सरकारी दवाखाना हाय. मी कशालाच हात लावनार न्हाई. निस्ता दारात हुभा ऱ्हातो."

म्हातारीनं त्याचा आवाज येत होता तिकडं तोंड केलं. तिला जरा नवलच वाटलं.

"येडा हाईस का रं? तुजा भरवसा न्हाई आसं कुनी म्हणलं? माजाच मला न्हाई. त्यो डॉक्टर मला म्हणन हालू नगंस. मी पडन दगडावानी. आन् तू दारात ठेचकाळून नुसता वरडलास, तर मी पुन्यांदा उठंन."

मुंजाजी परभणीला गेला नाही. तो गाडीमागं ओढ्यापर्यंत चालला आणि तिथं थांबला. गाडीच्या साट्यामागं एक दोर सुटून धुळीत लोंबत चालला होता. मुंजाजीच्या तोंडापर्यंत हाक आली, पण आईच्या कानावर पडेल म्हणून त्यानं हाक मारली नाही. तो दोर तसाच फरफटत जाताना दिसेनासा होईपर्यंत बघत उभा राहिला.